दूर, दुर्गम आणि मित्राचं गाव



या मालेत आपण आतापर्यंत प्रमाण, संशय, भ्रम असे जडजड शब्द तपासत आलो. आज एक अगदी घरगुती शब्द घेऊ : 'दूर'. निमित्त असं, की आमचा सांगलीचा एक मित्र काही वर्षं लाँगइयरब्येन नावाच्या गावात कामासाठी राहत होता. २०१९च्या मार्चमध्ये आम्ही त्याच्याकडे आठवडाभर राहून आलो. हे गाव नॉर्वेच्या अखत्यारीतल्या स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १,३०० किलोमीटर, आणि आपला सातारा सरळ रेषेत मोजला तर सुमारे ७,४०० किलोमीटर.

परत आल्यावर भेटेल तो विचारायचा, "एवढ्या लांब कशाला गेला होता?" प्रश्न सहज विचारलेला असतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. दूर असणं, दुर्गम असणं आणि अनोळखी असणं. आज ही गाठ सोडवून बघू.

दूरपणा कशात असतो?

आपल्याकडे वैशेषिकांनी गुणांची एक यादी केली. पुढच्या परंपरेत ती २४ गुणांची झाली. त्यात रंग, रस, गंध, स्पर्श आहेत, तसेच 'परत्व' आणि 'अपरत्व' हेही आहेत. म्हणजे दूरपणा आणि जवळपणा. आता गंमत बघा. आंब्याचा पिवळा रंग आंब्यात असतो. तुम्ही बघा, न बघा, आंबा पिवळाच. पण दूरपणाचं तसं नाही. तो उत्पन्न व्हायला 'अपेक्षाबुद्धी' लागते, असं ते म्हणतात. याच्या मानाने ते पलीकडे आहे, अशी तुलना करणारी बुद्धी.

जुन्या ग्रंथांतलं ठरलेलं उदाहरण पाटलिपुत्राचं आहे. पाटलिपुत्रात उभं राहून काशीच्या मानाने प्रयाग दूर. पण त्याच जागी उभं राहून कुरुक्षेत्राचा विचार केला, तर तोच प्रयाग जवळ. आपण आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. साताऱ्यात बसून कराडशी तुलना केली तर सांगली लांब. सोलापूरशी केली तर तीच सांगली जवळ. सांगली जागची हललेली नाही.

म्हणजे 'दूर' या एका शब्दाला किती गोष्टी लागतात? आपण उभे आहोत ती जागा, ज्याबद्दल बोलतो ती जागा, तुलनेसाठी तिसरी जागा, आणि ही तुलना करणारं कुणीतरी. यातलं एक जरी काढलं तरी वाक्य अपुरं राहतं. 'लाँगइयरब्येन दूर आहे' हे असंच अपुरं वाक्य. आमच्या मित्राच्या घरात भिंतीवर एक नकाशा होता, उत्तर ध्रुव मध्यभागी असलेला. त्यात रशिया, कॅनडा, ग्रीनलँड हे सगळे गोल बसलेले शेजारी, आणि आपला हिंदुस्थान पार कडेला. तो हसत म्हणाला, "सर, इथून बघितलं तर आडगाव सांगलीच आहे."

उन्हाचा हिशेब

पण गाव वेगळं आहे हे तर खरं. ते वेगळेपण कशामुळे, हे आधी समजून घेऊ, म्हणजे नुसतं नवल वाटून राहणार नाही.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे आपण शाळेत शिकलो. त्या कलण्याचा परिणाम साताऱ्यात किती जाणवतो? आपला मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, आणि लहानात लहान सुमारे ११ तासांचा. दोन तासांचा फरक. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला एकेक दिवस सूर्य थेट डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते.

लाँगइयरब्येनला हाच कल सगळं उलटंपालटं करून टाकतो. साधारण २० एप्रिलपासून २३ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत भर दुपारीसुद्धा रात्रच. आणखी एक आकडा सांगतो, तो आम्हाला फार बोलका वाटतो. तिथे वर्षातल्या सर्वात उंच सूर्याची उंची क्षितिजापासून सुमारे ३५ अंश. साताऱ्यात वर्षातल्या सर्वात लहान दिवशी दुपारी सूर्य सुमारे ४९ अंशांवर असतो. म्हणजे त्यांचा भर उन्हाळ्यातला सूर्य आपल्या पौषातल्या सूर्यापेक्षाही खाली.

मग त्यांच्यावर अन्याय झाला का? तासांच्या हिशेबात नाही. वर्षभर सूर्य वर असण्याचे एकूण तास पृथ्वीवर जवळपास सगळीकडे सारखेच भरतात. आपल्याला ते रोजंदारीवर मिळतात, त्यांना बरेचसे एका मोठ्या हप्त्यात.

सूर्य फेब्रुवारीच्या मध्याला क्षितिजावर येतो खरा, पण गावाभोवती डोंगर आहेत, त्यामुळे गावात ऊन पोचायला मार्च उजाडतो. ८ मार्चला सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या शिल्लक राहिलेल्या पायऱ्यांपाशी जमतं. दुपारी एकच्या सुमारास पहिला किरण त्या पायऱ्यांवर पडतो. लहान मुलं तोंडावर पिवळे सूर्य रंगवून आलेली असतात. ढग असले तरी लोक जमतातच. त्या गर्दीत उभं असताना आम्हाला कोल्हापूरचा किरणोत्सव आठवत होता. महालक्ष्मीच्या चरणांपर्यंत किरण पोचतात की नाही, हे बघायला माणसं अशीच श्वास रोखून उभी असतात. फरक एवढाच, की आपल्याकडे एरवी रोज ऊन असतंच.

टिळकांचा आर्क्टिक

आर्क्टिक आणि मराठी माणूस म्हटलं की एक नाव येणारच. लोकमान्यांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची विचाराची वाट अशी. ऋग्वेदात उषेची सूक्तं आहेत. त्यात उषा लांबते, सूर्योदयाआधी अनेक दिवस जातात, उषा चाकासारखी फिरते, असे उल्लेख त्यांना दिसले. तैत्तिरीय संहितेत तर तीस उषांचा, तीस बहिणींचा उल्लेख आहे. आता आपल्याकडची पहाट आठवा. तांबडं फुटलं आणि पाऊण तासात ऊन अंगावर. एवढ्याशा पहाटेसाठी ऋषी इतके का व्याकुळ होतील? मग हे वर्णन जिथं पहाट खरोखरच अनेक दिवस टिकते, अशा ध्रुवाजवळच्या प्रदेशातलं असलं पाहिजे, असं टिळकांनी मांडलं.

आजचे भाषाशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ हा सिद्धान्त मानत नाहीत. तीस उषांचे अर्थही इतर रीतींनी लावले जातात. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं त्यातली पद्धत बघावी. टिळक आर्क्टिकला गेले नव्हते. त्यांच्यापुढे ग्रंथ होते, खगोलाचं गणित होतं, आणि वॉरनसारख्या पाश्चात्त्य लेखकांची पुस्तकं होती. एवढ्यावर त्यांनी न पाहिलेल्या पहाटेचं चित्र उभं केलं, आणि ते चित्र, पहाटेपुरतं, बरोबर आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लाँगइयरब्येनमध्ये सूर्य दिसत नाही, पण दुपारच्या सुमारास काही तास निळा, मग किंचित गुलाबी उजेड क्षितिजाच्या कडेनं सरकत जातो आणि विझतो. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त. मित्रानं हे सांगितलं तेव्हा आम्ही त्याला टिळकांचा युक्तिवाद सांगितला. तो म्हणाला, "बरोबर आहे सर. पण व्याकूळ आम्ही अंधारात होत नाही. अंधाराची सवय होते. उजेड यायला लागला की मग जीव राहत नाही."

हे वाक्य अनुमानानं मिळत नाही. पहाट किती लांबेल, हे गणित सांगतं. ती लांबलेली पहाट माणसाला काय करते, हे तिथं राहिलेला माणूस सांगतो. अनुमान आणि आप्तवचन ही वेगळी प्रमाणं का मानली, त्याचं यापेक्षा सोपं उदाहरण आम्हाला माहीत नाही. मित्र हा आपला त्या गावाबद्दलचा आप्त असतो.

दूर, पण दुर्गम नाही

आता दुसरी गाठ. लाँगइयरब्येनला जायचं कसं? ऑस्लोहून विमान, तीन तास. उतरल्यावर गावात जायला बस. गावात दुकान आहे, शाळा आहे, इस्पितळ आहे, विद्यापीठ केंद्र आहे. वस्ती सुमारे अडीच हजार. त्यात नॉर्वेजियन आहेत तसे थाई आणि फिलिपिनो लोकही बरेच आहेत, कारण १९२०च्या स्वालबार्ड करारामुळे तिथं राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. या करारावर हिंदुस्थानच्या वतीनंही सही झाली होती, अर्थात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून. मात्र तिथं जाणारी वाट नॉर्वेतून जात असल्यानं आपल्याला शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

आता आपल्या कोयनेच्या शिवसागराच्या पलीकडचं कांदाटी खोरं आठवा. साताऱ्याहून बामणोली ३५-४० किलोमीटर, कास ओलांडलं की आलंच. पण पुढे पाणी आहे. लाँच मिळाली तर पलीकडे, नाहीतर खोळंबा. पावसाळ्यात धुकं, वारा, दरडी. तिथल्या बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या किंवा कुणाला साप चावला, तर साताऱ्याचं इस्पितळ नकाशावर जवळ असून काय उपयोग? संस्कृतानं यासाठी वेगळा शब्द ठेवला, दुर्गम. जिथं जाणं कठीण ते दुर्गम. दूर हे अंतराबद्दल बोलतं, दुर्गम वाटेबद्दल. लाँगइयरब्येन दूर आहे, दुर्गम नाही. कांदाटी दुर्गम आहे, दूर नाही.

आणि दुर्गमपणा कायमचा नसतो. आमच्या भेटीनंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा महापूर आला. मित्राची आई सांगलीत गावभागात दुसऱ्या मजल्यावर एकटी होती. तीन किलोमीटरवर राहणारा तिचा भाचा तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. आणि ७८ अंशांवर बसलेला मुलगा फोनवर तिच्याशी बोलत होता, गॅलरीतून दिसणारं पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं ते विचारत होता. मग तिच्या फोनची बॅटरी संपली. तिसऱ्या दिवशी बोटीनं तिला बाहेर काढलं. ते दोन दिवस त्यानं कसे काढले, हे त्यानं आम्हाला पुढे एकदाच सांगितलं. तिथं तेव्हा चोवीस तास ऊन होतं. रात्र झाली, आता झोपू, असं म्हणायचीही सोय नव्हती.

जिथं कुणी म्हातारं होत नाही

लाँगइयरब्येनबद्दल एक ऐकीव गोष्ट फार फिरते, की तिथं मरायला कायद्यानं बंदी आहे. तसा कायदा नाही. खरी गोष्ट अशी, की तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते. त्यामुळे पुरलेलं लवकर कुजत नाही, आणि वरचा थर गोठता-वितळताना पुरलेलं वर ढकललं जातं. म्हणून गेली सत्तरएक वर्षं तिथं शवपेट्या पुरत नाहीत. १९१८च्या इन्फ्लुएंझात मेलेल्या सात तरुण कामगारांची थडगी तिथं आहेत. त्या विषाणूचा माग मिळेल का, म्हणून १९९८ साली शास्त्रज्ञांनी ती उकरून पाहिली होती. तीच साथ १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून आपल्याकडे शिरली होती. आजाराला अपेक्षाबुद्धी नसते.

बाळंतपणासाठीही बायका आधीच मुख्य भूमीवर जातात. वृद्धांच्या देखभालीची सोय तिथं नाही. ज्याला स्वतःचं स्वतः भागवता येत नाही, त्यानं परत जायचं, अशी व्यवस्था आहे. १९०६ साली कोळशाच्या खाणीसाठी वसलेलं गाव ते. माणूस तिथं कामाला येतो, मुरायला येत नाही. गंमत म्हणजे खाणकामगारांच्या काळापासून तिथं हॉटेलात, संग्रहालयातही दारात बूट काढून आत जातात. ही एक चाल आम्हाला अगदी घरची वाटली.

मग जिथं जन्म नाही, म्हातारपण नाही, पुरणं नाही, त्याला 'गाव' म्हणायचं का? आम्ही मित्राला विचारलं. त्यानं आम्हाला विमानतळाजवळच्या डोंगरात शिरणारं एक काँक्रीटचं दार दाखवलं. जगाचं बियाणं साठवणारं कोठार, २००८ साली उघडलेलं. आत उणे १८ अंशांत लाखो वाणांचे नमुने आहेत. त्यात हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं ठेवलेले ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचेही आहेत. मित्र म्हणाला, "माणसांना इथं मुरता येत नाही, पण ज्वारीला येतं."

हे कोठारही निर्धास्त नाही बरं. स्वालबार्ड जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगानं तापतं आहे. २०१६ साली कोठाराच्या बोगद्यात पाणी शिरलं होतं. बियाण्यापर्यंत ते पोचलं नाही, पण नंतर बोगदा नव्यानं पक्का करावा लागला. त्याच बेटांवर, आणखी उत्तरेला न्यू-ओलसुंद इथं, २००८ पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे. ते गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालतं. तिथल्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा काय संबंध, याचाही अभ्यास शास्त्रज्ञ करतात. ज्या गावाला आपण दूर म्हणतो, त्याच्याशी आपला किती व्यवहार आहे बघा.

अनोळखीपण आणि मैत्री

उरली तिसरी गाठ. मित्र तिथं असल्यानं अंतर एक किलोमीटरनंही कमी झालं नाही. वाटही सोपी झाली नाही. मग काय बदललं? अनोळखीपण गेलं. आम्ही नेलेले सांगलीचे भडंग, तासगावचे बेदाणे आणि हळद त्याच्या ओट्यावर मांडली, आणि बाहेर उणे पंधरा असताना आत फोडणीचा वास सुटला. ते घर आमच्या ओळखीचं झालं.

आपल्या भागाला हे काही नवं नाही. खानापूर, आटपाडी, तासगावची आणि पलीकडे खटाव-माणची गलाई व्यवसायातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली आहेत. केरळपासून आसामपर्यंत बाजारपेठेच्या गावांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम ती करतात. दुष्काळी भागातला पोरगा ज्या गावाचं नाव उच्चारता येत नाही, तिथं जायचा, कारण आधी गेलेला गाववाला तिथं होता. नकाशा त्यांनी पाहिला नव्हता. माणूस माहीत होता. यात्रेला गावी येऊन ती परत निघाली, की म्हातारी 'लांब गेला' म्हणत नाही, 'अमक्याकडं गेला' म्हणते. त्या वाक्यात अंतराच्या जागी माणूस आला.

अ‍ॅरिस्टॉटलनं मैत्रीबद्दल लिहिताना एक बारीक फरक केला आहे. अंतरामुळे मैत्री संपत नाही, तिचा रोजचा व्यवहार तेवढा थांबतो. पण हा विरह फार लांबला, तर मैत्रीचाच विसर पडू लागतो, असंही तो पुढे सांगतो. म्हणून भेटीला जाणं ही निव्वळ हौस नाही. थांबलेला व्यवहार पुन्हा सुरू करणं आहे ते. "एवढ्या लांब कशाला गेला होता" याचं आमचं उत्तर एवढंच.

मित्र आता सांगलीत परत आला आहे. आईजवळ राहतो.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी विचारलं, "आमचं वय झालं, गुडघे दुखतात, मुलं परदेशात. आम्हाला कुठलं जमायचं असं जाणं?"

प्रश्न रास्त आहे. पण वरचे तीन शब्द आपापल्या घराला लावून बघा. मुलं दूर आहेत, हे खरं. ती दुर्गम आहेत का? बहुतेक वेळा नाहीत. रोज दिसतात, बोलतात. उलट आपल्याच गल्लीत, आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असं एखादं माणूस असतं, की ज्याच्याकडे आपण तीन वर्षांत गेलेलो नसतो. लिफ्ट बंद असते, किंवा जुना अबोला असतो, किंवा नुसतंच राहून गेलेलं असतं. ते माणूस जवळ आहे आणि दुर्गम आहे. पुढच्या व्याख्यानापर्यंत प्रत्येकानं अशी एक भेट करून यावं. व्हिसा लागत नाही.

पुढच्या वेळी परत्व-अपरत्वाचा दुसरा प्रकार घेऊ, काळाचा. थोरला आणि धाकटा हे कशावरून ठरतं, याची चर्चा करू.